हेडलाईटमधली माती

अण्णा, तुम्हाला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यामुळे हे पत्र तुमच्या हयातीत लिहिलं असतं, तरी ते मलाच तुम्हाला वाचून दाखवावं लागलं असतं. तेवढी हिंमत मला झाली नसती. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणून आज लिहायला धजले आहे.

आमच्या शाळेत एक नवीन बाई आल्या आहेत, माझ्या लेकीच्या वयाच्या. परभणीत खोली करून राहतात. रोज ऑटो, मग एसटी, मग फाट्यापासून पायी. त्यांना जुनी मोटरसायकल घ्यायची आहे. स्कूटी का नाही, असं कुणीतरी विचारलं तर सगळ्या स्टाफरूमदेखत म्हणाल्या, "आपल्या रस्त्यानं स्कूटी टिकती का? अन् मी तर बापाच्या गाडीवरच शिकलेय. बाप माझा मिस्त्री, विटा रचायचा." असं म्हणून खळखळून हसल्या. मला मात्र उगाचच कानकोंडं झालं. रविवारी सेलूला एक गाडी बघायची होती. सोबतीला कुणी मोठं असावं म्हणून त्यांनी मला नेलं.

अंगणात गाडी उभी आहे. धुऊन-पुसून लख्ख, सीटला नवं कव्हर. मालक म्हणतो, "लय जपलेली हाय ताई. पुराचं पाणी पार ह्या गल्लीत आलं व्हतं, पण गाडी आमी आधीच वर नेऊन ठिवली. पाण्याचा थेंब लागला न्हाई." बाई चाक फिरवून बघतात, हॉर्न वाजवतात, त्यांना गाडी आवडलेली चेहऱ्यावरच दिसतेय. मी सीटवर हात दाबते आणि शिवणीतून तो वास येतो, ओल्या गोधडीचा. मग माझं बोट आपसूक हेडलाईटच्या मागच्या फटीत जातं. कितीक वर्षांनी गेलं असेल, पण वाट विसरलं नव्हतं. बाहेर आलं तेव्हा त्यावर पिठासारखी मऊ, काळी माती होती.

मानवतला आपल्या पत्र्याच्या गॅरेजात जुनी गाडी दाखवायला कुणी आणली, की तुम्ही मला हाक मारायचात. "तुझं बोट बारीक हाय, घाल आत." माणूस गाडी बाहेरून कितीही धुतो, पण हेडलाईटच्या वाटीत हात घालून कुणी धूत नाही, हे तुमचं गणित. तिथं माती निघाली की तुम्ही गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन म्हणायचात, "ही बुडलेली हाय. मागच्या ब्रेकात गाळ बसतो. आज धरील, उंद्या धरायचा न्हाई." एकदा मला माती लागली आणि मी बोललेच नाही. गाडी घेणारा तरुण पेढे घेऊनच आला होता, त्याचा हिरमोड करवेना. तो गेल्यावर माझं बोट तुम्हाला दिसलं. तुम्ही कधी हात उगारला नाहीत, पण त्या दिवशी सगळ्यांसमोर ओरडलात, "दिसलं व्हतं ना तुला? मंग मूग गिळून का बसलीस?" आणि सायकलला टांग मारून त्याच्या मागं बाजारापर्यंत गेलात.

सेलूच्या त्या अंगणात बाईंनी मला विचारलं, "मॅडम, काय वाटतंय? घेऊ का?" मी बोट रुमालाला पुसलं आणि म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय? तुमचं तुम्ही बघा." गुरुवारी पैसे देऊन गाडी नेते, असं त्यांनी मालकाला सांगूनही टाकलं.

मी असं का म्हणाले, ते तुम्हाला माहीत नाही. शाळेत सगळे समजतात की माझे वडील एसटीत साहेब होते. तुम्ही एकदा तीन महिने डेपोत रोजंदारीवर होतात, ती मी तुमची जन्मभराची नोकरी करून टाकली. आणि त्याच्याही आधीची गोष्ट तुम्हाला पक्की ठाऊक आहे. दहावीच्या पालकसभेला तुम्ही दोन्ही हात खिशात घालून बसला होतात. हेडमास्तरांनी चहा पुढं केला तर "न्हाई, चालत न्हाई मला" म्हणालात. चहाशिवाय तुमचं पान हलत नसे. हात बाहेर काढू नका, काळे दिसतात, असं मीच तुम्हाला घरून निघताना बजावलं होतं. तुम्ही कधी त्याचा विषय काढला नाहीत. मला त्याचीच फार लाज वाटते, अण्णा.

सोमवार, मंगळवार मी स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारी बसून डबा खाल्ला. त्या नव्या हेल्मेटचा रंग कुठला घ्यावा ते मला विचारत होत्या. त्या रस्त्यावर समोरून ट्रक येतात आणि गाळ बसलेला ब्रेक कधी सोडून देईल याचा नेम नसतो, हे तिथं माझ्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं. आज बुधवार. संध्याकाळी मी त्यांना फोन केला. ती गाडी घेऊ नका, बुडालेली आहे, असं सांगितलं. सीटचा वास, हेडलाईटमधली माती, मागच्या ब्रेकातला गाळ, सगळं तुमच्याच क्रमानं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "बरं झालं मॅडम, तुम्ही सांगितलंत. पण तुम्हाला हे सगळं कसं काय माहीत?"

मी म्हणाले, एका पुस्तकात वाचलं होतं.