सुनंदाचे मोकळे केस

पिंपळनेर, मंगळवार, १९ जानेवारी १९८८

आज जेवण गेलं नाही. सुनंदाचे मोकळे सोडलेले केस डोळ्यांसमोरून हलत नाहीत. माझ्या नववीच्या वर्गात तिच्या दोन घट्ट वेण्या असायच्या, लाल रिबिनी, कधी एक बट सुटलेली दिसली नाही.

थोरली बहीण विहिरीत गेल्यापासून ही झोपतच नव्हती. प्रार्थनेला उभी असताना थरथरायची, पडायची. धुळ्याच्या मनाच्या डॉक्टरांना महिन्यातून एकदा तरी शाळेत बोलवा, म्हणून हेडसरांच्या किती मागे लागले मी! "आपल्याकडे वेडी मुलं नाहीत, मॅडम." संपलं. आणि तिला मात्र सांगत राहिले, येतील डॉक्टर, थोडी कळ काढ. कशाच्या जोरावर सांगत होते?

महिनाभर ती शाळेत नाही, म्हणून आज घरी गेले. दारात चपलांचा ढीग. "तिना आंगमा देवी शे," आई म्हणाली. चेहरा कितीतरी दिवसांनी उजळलेला. तिला तरी काय बोलू? एक मुलगी गेली, आता दुसरीच्या पाया सारं गाव पडतंय.

सुनंदा पाटावर बसलेली. कपाळभर कुंकू, आणि ते केस. तिच्याजवळ जायला मलाही रांगेतच उभं राहावं लागलं. पायाशी वाकले, तशी ती कानाशी पुटपुटली, "मॅडम, शाळेत डॉक्टर आले का?"

मी मानेनेच नाही म्हटलं. तिने मुकाट्याने माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

बाहेर येताच बायांनी घेरलं. "मॅडम, देवी काय बोलनी?"