गंगावनाला रामराम

शुक्रवार, जानेवारी १९८४

कापले एकदाचे! मानेपर्यंत. हात सारखा मागे जातोय.

मागच्या आठवड्यात फळ्यावर लिहिताना वेणीतलं गंगावन सुटून खाली पडलं आणि अख्खा वर्ग हसला. टायफॉइडनंतर केस असे विरळ, डोक्याला चिकटलेले. गंगावनाचे खोटे केस नसतील तर वेणी म्हणजे नुसती सुतळी. पण कापायचे? सासूबाई काय म्हणतील?

आज शाळा सुटल्यावर सरळ कॉलेज रोडच्या पार्लरमध्ये गेले. तिथली बाई म्हणाली, "लांबीच्या वजनानं केस चपटे बसतात. आखूड करून थर देते, मग बघा कसे फुगतात." आणि खरंच फुगले!

घरी आले तर दारातच सासूबाई. त्यांनी मला दोनदा वळवून पाहिलं. मी घाबरतच विचारलं, "वाईट दिसतंय का?"

"भारी शे!" सटाण्याच्या सासूबाई खूश झाल्या की अहिराणीवर येतात. "आजारपणाआधी होतीस, तशी दिसतेस."

मला रडूच आलं.

उद्या शाळेचा ग्रुप फोटो आहे. दरवर्षी मी मागच्या रांगेत लपते. उद्या पुढच्या खुर्चीवर बसणार, मोठ्या बाईंना सरकावं लागलं तरी!