चौथा खांदा

२१ ऑक्टोबर १९७२
आज दुपारी ग्लानबेगला पोहोचले आणि तेव्हापासून मन प्रसन्न आहे. आयर्लंडच्या यादवी युद्धाला पन्नास वर्षे झाली म्हणून आमचे ग्रंथालय पुस्तिका काढणार आहे. केरी परगण्यातील त्या युद्धाच्या खुणा, म्हणजे रस्त्याकडेचे क्रूस, जळक्या बराकी, उडवलेले पूल, एकेक पाहून त्यांची वर्णने लिहिणे हे माझे काम. मिसेस क्वर्क या विधवा बाईंकडे खोली मिळाली आहे. खिडकीतून गावाचा एकुलता रस्ता आणि पलीकडची काळपट दलदल दिसते.

येथे प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो : तू कुणाकडची? डब्लिनची, असे म्हटले तर हसतात. त्यांना गाव नको, घराणे हवे असते. स्कॅनल, असे सांगितले की क्षणभर थांबतात, आणि मग चहा ओततात.

२३ ऑक्टोबर
पोस्टमन बॅटने पडका पूल दाखवला. तेथे रस्त्याच्या दोन अंगांना दोन क्रूस आहेत. एक इंग्लंडशी झालेला तह मानणाऱ्यांचा, दुसरा न मानणाऱ्यांचा. मी दोन्हींची छायाचित्रे घेतली, तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "दोन्हीकडचे फोटो काढलेस ना बाई? आता चहाला दोन्हीकडची दारं बंद." मला हसू आवरेना. माझ्या यादीतल्या दलदलीच्या वळणावर येणे मात्र त्याने टाळले. तिथे काही नाही म्हणाला, साधा दगडसुद्धा नाही.

२४ ऑक्टोबर
वळण एकटीच पाहून आले. स्वच्छ ऊन पडले होते. परतताना गावाकडून एक अंत्ययात्रा आली. मोजकी माणसे, सगळी पायी. प्रेत सामोरे आले की मागे वळून चार पावले सोबत करायची, हा आमचा रिवाज, मीही वळले. शवपेटी एका कोपऱ्यात कलली होती. खांदेकरी तिघेच. चौथ्या कोपऱ्याखाली कोणीच नव्हते. मागून चालणाऱ्या म्हाताऱ्याने हलक्या आवाजात विचारले, "कुणाकडची गं तू?" मी नाव सांगितले. त्याने समाधानाने मान हलवली.

जेवताना मी सहज विचारले, गावात कोण गेले. मिसेस क्वर्क यांच्या हातातला डाव तसाच थांबला. कोणीही गेलेले नव्हते.

२५ ऑक्टोबर
उजव्या खांद्यावर लाकडाच्या कडेसारखा निळा वळ उठला आहे. मिसेस क्वर्क यांनी तो बराच वेळ पाहिला, आणि मग सांगितले. बावीस साली त्या वळणावर कॉन स्कॅनल नावाच्या शिपायाला मारले. मारणाऱ्यांत त्याचा सख्खा भाऊ होता. मृताच्याच आडनावाच्या चौघांनी पेटी उचलायची असते. भाऊबंदांपैकी तिघे आले; चौथा तो भाऊ, तो आला नाही. परक्या नावाचा कोणी खांदा देईना. मी विचारले, पेटी कबरस्तानात पोहोचली का?

"कुणाला ठाऊक, पोरी. बघायला होतं कोण? पडदे आम्ही सगळ्यांनीच ओढले होते."

२७ ऑक्टोबर
काल ती अंत्ययात्रा पुन्हा भेटली. वळायचे नाही, असे ठरवले होते, पाय वळले. चार पावलांवर सुटका झाली नाही. वळणापर्यंत खांद्यावर पेटी होती. ती आता कलत नाही.

आज फादरांकडे गेले. त्यांनी प्रार्थना म्हटली, तीर्थ शिंपडले, मला उंबऱ्यापर्यंत पोहोचवले आणि आतून कडी घातली. मग डब्लिनची बस पकडली. पुलापाशी ते प्रेत सामोरे आले. चालकाला रस्ता मोकळाच दिसत होता. मी उतरले. उतरायचे नव्हते.

२८ ऑक्टोबर
सकाळी पोस्टातून धाकट्या भावाला, डोनलला, फोन केला. मला घेऊन जा, एवढेच म्हटले. कारण सांगायची लाज वाटली. उद्या मोटार घेऊन येतो म्हणाला.

दुपारी पेटी गावातून नेली. मी भर रस्त्यात हाका मारल्या. बॅट सायकल टाकून घरात शिरला. मग दारे, एकामागून एक. मिसेस क्वर्क खिडकीत होत्या. माझ्याकडे पाहत पाहतच त्यांनी पडदा ओढला.

२९, रविवार
कबरस्तान येत नाही. चालतोच आहोत — विसाव्याला पेटी टेकवली आहे, तेवढ्यात लिहिते —

म्हाताऱ्याला विचारले, मला कधी सोडणार. म्हणाला, "तुझ्या नावाचं दुसरं कुणी आलं, की."

दुसरे कुणी — आणि मीच डोनलला —

पोस्ट आज बंद. उठता येत नाही. ओरडले तर आवाज —

तांबडी मोटार. वेग कमी केला. प्रेत दिसले की तो थांबतोच, लहानपणापासून —

जा. थांबू नकोस, जा —

म्हातारा काचेशी वाकला आहे. डोनल काच खाली करतो आहे. हसतो आहे. त्याला वाटते, साधी चौकशी — डोनल, काही सांग, वाटेल ते सांग, फक्त आपले ना