प्रेस रिकामा चालवून बघा

बाई, परवा आमच्या चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या ऑफिसात साहेब म्हणाले, शाळेतली मुलं आपल्याकडे प्रोजेक्टला येणार आहेत, त्यांना कंपनीतला खरा प्रश्न सोडवायला द्यायचा आणि त्यांच्याबरोबर मी राहायचं. सगळे खूश होते. मला मात्र खूश होता येईना. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आधी तुम्हीच आठवलात.

मी नववीत होते. शहराबाहेरच्या ओरगडमच्या एका कारखान्याने आपल्या शाळेला प्रश्न दिला होता: गाडीच्या सीटखालच्या पत्र्याच्या पट्ट्यांवर ओरखडे का पडतात, ते शोधा. तुम्ही आम्हा चौघांना व्हॅनने घेऊन गेलात. वर्गात तुम्ही फिजिक्स इंग्रजीत शिकवायचात, रागवायचात तमिळमध्ये, आणि माझ्याशी तेवढं तंजावरच्या मराठीत बोलायचात. पुण्याहून आलेल्या मला त्यातलं निम्मंच कळायचं, पण बरं वाटायचं. त्या कारखान्यात पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेससमोर मी उभी आहे. हातावरची लग्नाची मेंदीही न उतरलेली एक मुलगी पत्रा आत ठेवते, हात काढते, पेडल दाबते, आणि वरचा जड ठोकळा धाडकन खाली येतो. एकदा तिचा पाय पेडलवर नव्हताच, तरी ठोकळा आला. हात नुकता बाहेर निघाला होता. तिच्या लक्षातही आलं नसावं. तिने पुढचा पत्रा उचलला. मी धावत जाऊन तिथल्या इंजिनियरना सांगितलं. ते हसले. "तुमचा प्रश्न ओरखड्यांचा ना? तेवढंच बघा."

व्हॅन फाटकाबाहेर पडली आणि मला रडू फुटलं. "काय जालं मा? सांग," तुम्ही म्हणालात. मी सांगितलं. "नक्की बघितलंस?" "हो, बाई." तुम्ही ड्रायव्हरला व्हॅन वळवायला लावलीत.

मॅनेजर भडकले. "उद्यापासून तुमची मुलं इथे नकोत."

"नाही पाठवणार. पण आधी प्रेस रिकामा चालवून बघा." माझा खांदा तुम्ही इतका घट्ट धरला होतात की दुखत होता.

प्रेस चालवला. पेडल दाबलं की ठोकळा खाली, मग वर. पुन्हा, पुन्हा. काहीच होईना. सगळे माझ्याकडे बघत होते. तो एकदा तरी आपोआप पडू दे, असं मी देवाकडे मागत होते, आणि पडेल म्हणून भीतही होते. "पुरे," मॅनेजर म्हणाले, "काम सुरू करा." तुम्ही जागच्या हलला नाहीत. "आज तिला पत्रा चिमट्याने ठेवू द्या. मग आम्ही जातो." तुम्हाला घालवायचं म्हणून त्यांनी चिमटा मागवला. ती मुलगी नाराजीनेच काम करू लागली. बराच वेळ गेला. तिने चिमटा आत घातला, आणि पेडलला कुणाचा स्पर्शही नसताना ठोकळा कोसळला. चिमटा चेपला. ती खाली बसली आणि स्वतःची बोटं चाचपू लागली.

प्रेस बंद झाला. आपलं प्रोजेक्टही. कारखान्याने पुन्हा बोलावलं नाही, हेडमिस्ट्रेस तुम्हाला सगळ्यांदेखत बोलल्या, आणि तुम्ही मान खाली घालून ऐकलंत.

पुढे तुम्ही सगळ्यांना सांगत राहिलात की ही मुलगी मेकॅनिकलला जाणार. मी कॉम्प्युटर घेतलं. का, असं विचारलंत तेव्हा मी म्हटलं, वेलचेरीच्या घराजवळ नोकरी मिळेल. "बरं केलंस," तुम्ही म्हणालात.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. घराजवळचं कारण खरं नव्हतं, बाई. मी घाबरले होते. अजूनही शेजारी कुणी शिवणयंत्र चालवायला बसलं, की मी आधी त्यांच्या बोटांकडे बघते.