ज्योतीरामच्या तोंडातली पिन

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ७
ही वही लक्षात राहावं म्हणून लिहीत नाही. लक्षात माझ्या राहतंच. उद्या कुणी विचारलं, की बुद्धरत्न, तू हे साधलंस कसं, तर हाताशी पुरावा असावा, एवढ्यासाठी.

आज कंपनीत ट्रेनिंग. विषय: लक्ष आणि स्मरणशक्ती. आम्ही चाकणला गाड्यांचे ब्रेक पेडल बनवतो आणि मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. माझ्या हातून पेडल सुटलं की थेट कस्टमरकडे, गाडीच्या कंपनीत. म्हणजे लक्ष हा तसा माझाच विषय. शिकवायला बाहेरून मिनल मॅडम आल्या होत्या, मानसशास्त्र शिकलेल्या. म्हणाल्या, लक्ष म्हणजे एकच खुर्ची असलेलं ऑफिस. दुसरा आत आला की पहिल्याला उठावं लागतं. सगळ्यांनी लिहून घेतलं. मी नुसतं ऐकलं. इन्स्पेक्शनच्याच रणजीतने तर तळहातावर लिहिलं. हा माणूस सगळं तळहातावर लिहितो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!

मॅडमनी एक गंमत केली. सकाळी फॉर्म वाटणाऱ्याला मिशी होती, चहानंतर गोळा करणाऱ्याला नव्हती. माणूसच वेगळा होता. बत्तीस जणांत तिघांना कळलं. मलाही कळलं होतं. मला वाटलं त्याने चहाच्या सुट्टीत मिशी काढली असेल. कुणाच्या खाजगी बाबतीत आपण कशाला बोलायचं.

तर मुद्दा. लाइन लीडरची जागा निघाली आहे. मी किंवा रणजीत. १७ला इंटरव्ह्यू. लाइन लीडरला कायम जनरल शिफ्ट, सहाच्या आत दापोडीत घरी. आत्ता माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते. इथल्याच एका लॅबने आम्रपालीला बोलावलंय, संध्याकाळी सहा ते साडेनऊ. लग्नाआधी तिने लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, नऊ वर्षं सर्टिफिकेट कपाटात आहे. मी घरी असलो तरच अंजलीला सोडून ती जाऊ शकते. पोरगी दुसरीत आहे. लॅबला २० तारखेपर्यंत कळवायचंय. आम्रपालीला म्हटलं, झालंच समज.

ती म्हणाली, होऊ दे आधी.

४ नोव्हेंबर, मंगळवार
मॅडमनी आज पद्धत सांगितली. ओळखीची जागा मनात आणायची आणि लक्षात ठेवायच्या गोष्टी तिथे ठेवत जायचं. लोक घर घेतात. मी कंपनीची बस घेतली. घरात वस्तू हलतात. बसमध्ये आठ वर्षांत कुणाची सीट हललेली नाही. नवखा चुकून बसला तर त्याला उठवतात.

पेडलचे नऊ पॉइंट तपासायचे असतात. नऊ सीट, नऊ माणसं. कॅन्टीनच्या शालनबाईंच्या पिशवीत वेल्डिंग. मधल्या तिघांच्या टकलावर पेंट, तिथे एकही ओरखडा चालत नाही. सातव्या सीटवर ज्योतीराम. ते बसमध्ये बसले की झोपतात, तोंड उघडं. त्या तोंडात स्प्लिट पिन ठेवली. ही पिन महत्त्वाची. पेडल ज्या दांड्यावर फिरतं तो निसटू नये म्हणून आरपार घालतात. ती नसेल तर एक दिवस ब्रेक दाबला की पेडल पायाखालून निघून जाईल.

दहावी सीट रिकामी असते. तिथे आम्रपालीची लॅब ठेवली.

६ नोव्हेंबर, गुरुवार
सुट्टी. (आमच्याकडे रविवार गुरुवारी असतो.)

आम्रपालीने पाच कामं सांगितली. चिठ्ठी देत होती, घेतली नाही. पाचही बसमध्ये बसवली. चार झाली. मेथी आणली, तीही दोन जुड्या, कारण ज्योतीरामच्या तोंडात मेथी हे चित्र फार ठसठशीत झालं. राहिलं एकच: फोटो स्टुडिओतून तिचे पासपोर्ट फोटो आणायचे होते, लॅबच्या फॉर्मसाठी. ते रिकाम्या सीटवर होते. रिकाम्या सीटवर वस्तू टिकत नाही हे मॅडमनी सांगायला हवं होतं.

ती उठली. चपला घालून स्वतः गेली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
पहिल्या तीन पेडलला ज्योतीरामपाशी आलो की पिनेऐवजी मेथी यायची. एका जागी दोन गोष्टी ठेवल्या की असं होतं म्हणे. चौथ्यापासून सुरळीत.

चेकशीटचं ओझं कमी केलं. नियमाप्रमाणे प्रत्येक पेडलमागे नऊ टिका करायच्या असतात. रणजीत करतो. पेडल बघतो, टीक करतो, पेडल बघतो, टीक करतो. अशाने डोकं कधी वापरायचं? मी सगळ्या टिका शिफ्टच्या शेवटी एकदम करतो. खरी खूण पेडलवर असतेच. पास झालेल्या मालावर मी पांढरा ठिपका देतो, रणजीत पिवळा. माझा ठिपका म्हणजे माझा शब्द.

८ नोव्हेंबर, शनिवार. रात्री ८
जेवताना आम्रपाली लॅबबद्दल बरंच सांगत होती. मी त्याच वेळी मनात बसची चक्कर मारत होतो. मॅडम म्हणतात दोन कामांकडे एकदम लक्ष देता येत नाही, मन नुसतं इकडून तिकडे उड्या मारतं. सर्वसाधारण माणसाचं तसं होत असेल. मी तिचं ऐंशी टक्के ऐकलं. ऐकलं ते सगळं चांगलं होतं.

शेवटी तिने विचारलं, मग काय करू? मी म्हटलं, हो. 

तिने ताटं उचलली.

१० नोव्हेंबर, सोमवार
या आठवड्यात सेकंड शिफ्ट, दुपारची बस. बॅच तीच, सीट त्याच. ज्योतीराम नव्हते. बार्शीला भाचीचं लग्न आहे, तीन दिवस रजा. सीट रिकामी ठेवली होती, रीत आहे तशी.

४२० पेडल. काम एकदम हलकं वाटलं. पद्धत अंगात मुरायला लागली.

११ नोव्हेंबर, मंगळवार
४३५.

१२ नोव्हेंबर, बुधवार
४५१! आमच्या टेबलावर एवढी कधीच झाली नव्हती. आमचे क्वालिटी हेड यशवंतराव साहेब स्वतः येऊन म्हणाले, काय रे, हातात मशीन बसवलं का? म्हटलं, डोक्यात, साहेब. रणजीत ३६० वर. बिचारा टिका करतोय.

असेंब्लीला नवीन पोरं घेतली आहेत. त्यांचं लक्ष नसतं. त्यांना एकदा मार्गदर्शन करावं लागेल. लाइन लीडर झाल्यावर बघू.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सुट्टी. इंटरव्ह्यूची तयारी. 'माझी बलस्थानं' पाठ केली. आम्रपालीने पांढरा एप्रन धुऊन इस्त्री केला. लग्नाआधीचा आहे. अंगात घालून बघितला, पाठीमागे बटण लागेना, तर अंजलीला म्हणाली, ओढ गं जोरात. दोघी हसत होत्या. तिला इतकं हसताना बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. रात्री, घरी आल्यावर
ज्योतीराम परत आले. बसमध्ये लाडू वाटले आणि झोपले, तोंड उघडं टाकून. त्या तोंडाकडे बघितलं आणि नजर हलेना. कारण कळेना. ते जागे झाले, म्हणाले, "काय बघायलास रे असं? जीव घाबरा होतोय."

लाइनवर पहिलं पेडल हातात घेतलं. ज्योतीराम, तोंड, पिन. मग आठवलं, की सोमवार ते बुधवार सहाव्या सीटवरून मी सरळ आठव्यावर जात होतो. 

पण पिना बघितल्याच. मला स्पष्ट आठवतंय. अंगठ्याला गार लागतात. अजून अंगठ्याला तो गारवा आहे. एवढं स्पष्ट आठवतंय ते खोटं कसं असेल?

यशवंतराव साहेबांना सांगावं असं दोनदा मनात आलं. एकदा त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो. मग म्हटलं, जे झालंच नाही ते सांगून उगाच गोंधळ कशाला, तोही इंटरव्ह्यूच्या तोंडावर. साहेबांनी मान वर केली तर विचारलं, चहा घेणार का. ते नको म्हणाले.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी नऊला कंपनीतून फोन. ताबडतोब ये, जी असेल ती रिक्षा पकड.

कस्टमरकडून फोटो आले होते. पेडल, शेजारी स्केल. पिनेचं भोक रिकामं, त्यातून पलीकडचं टेबल दिसत होतं. वर पांढरा ठिपका. अशी एकेचाळीस सापडली. त्यांच्या लाइनवरच सापडली, एकही गाडी गेटबाहेर गेली नव्हती.

मी म्हटलं, साहेब, मला पिना स्पष्ट आठवतात. साहेब म्हणाले, मला ठिपका स्पष्ट दिसतोय.

मॅडमनी सांगितलं होतं, आठवण ही शिळ्या भाजीसारखी असते, दर वेळी काढली की नवी फोडणी बसते. तेव्हा मला वाटलं होतं हे रणजीतसाठी आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
कस्टमरच्या यार्डात सॉर्टिंग. तीन दिवसांत माझ्या हातून गेलेली १३०६ पेडल परत एकेक बघायची, त्यांच्या माणसांसमोर. ऊन होतं. मदतीला रणजीत आला. त्याचा काही संबंध नव्हता, तरी आला. म्हणाला, एकटा किती बघणार राव.

मी पेडल उचलायचो, तो पिनेला बोट लावायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "हाय." पुढचं. "हाय." संध्याकाळपर्यंत तेराशे वेळा. चुकला नाही. अजून दोन सापडली. त्या दोन्हींवरही ठिपका होता, नीट मधोमध.

१७ नोव्हेंबर, सोमवार
माझ्या इंटरव्ह्यूची वेळ होती त्याच वेळेला मला समोर बसवून चुकीमागचं कारण लिहून घेतलं. कंपनीची पद्धत आहे: एकाखाली एक पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. मी प्रामाणिकपणे भरलं.

पिना का राहिल्या? तपासल्या नाहीत.
का? आठवल्या नाहीत.
का? ज्योतीराम सीटवर नव्हते.
का? रजेवर होते.
का? भाचीचं लग्न.

उपाय या रकान्यात लिहिलं: यापुढे ज्योतीराम यांच्या रजेची पूर्वसूचना इन्स्पेक्शन विभागाला द्यावी.

यशवंतराव साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढून विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? मी पूर्ण पद्धत समजावून सांगितली, सीट, तोंड, पिन. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, अरे बाबा, चेकशीट तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही रे दिलेली. कुणाच्याच डोक्यावर नाही, माझ्याही नाही, म्हणून दिलीये.

बाहेर रणजीत उभा होता, इंटरव्ह्यूची वाट बघत. त्याला सगळं कळलं होतं. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भावा, तळहात रजेवर जात नाय." हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

ज्योतीरामांना कुणीतरी सांगितलं. येताना बसमध्ये ते तोंडाला रुमाल बांधून झोपले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
आम्रपालीला अजून सांगितलेलं नाही. इंटरव्ह्यू कसा झाला विचारलं तर म्हटलं, वेगळा झाला.

तसं बघितलं तर निकाल लागेपर्यंत काही सांगता येत नाही. तीन दिवसांत १३०६ पेडल, त्यातली १२६३ बरोबर. शाळेत हा फर्स्ट क्लास असतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार
नोटीस लागली. रणजीत लाइन लीडर. माझी शिफ्ट बदलतीच, सोमवारपासून थर्ड, म्हणजे रात्रीची.

घरी सांगितलं. सगळं, पिनेसकट. आम्रपालीने एकच विचारलं, "ज्योतीराम नव्हते म्हणून?" म्हटलं, हो. तिला हसू आलं. पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं सुटलो. मग ती थांबली आणि म्हणाली, त्या गाडीत कुणी बसलं असतं म्हणजे?

तिने लसूण सोलायला घेतला. मीही शेजारी बसून चार पाकळ्या सोलल्या.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सुट्टी.

आम्रपालीने लॅबला फोन केला. सकाळी दहा वाजून बारा मिनिटं. गॅलरीत उभी होती, फोन खांद्याला धरून दोरीवरचे चिमटे काढत होती. म्हणाली, "सर, मी आम्रपाली. नाही जमणार हो. घरची अडचण आहे." मग थोडं थांबून, "नाही सर, पुढच्या महिन्यात पण नाही." मग, "तुम्ही एवढे दिवस थांबलात, थँक यू." थँक यू दोनदा म्हणाली. चिमटे अकरा होते, नऊ निळे आणि दोन लाल. एक लाल खाली पडला तो तिने उचलला नाही.

घरची अडचण म्हणजे मी. मला लाज वाटली, आणि नऊ वर्षांत ती एकदाही वाटली नव्हती याची जास्त वाटली.

हे मी कुठेही ठेवलं नाही, कशाला जोडलं नाही, तरी शब्द न् शब्द आहे. दुपारी मोबाइल बघितला, अंजलीचे पाढे घेतले, दोनदा खाली जाऊन आलो. जात नाही.

विसरायची काही पद्धत असते का, हे मिनल मॅडमना फोन करून विचारावं म्हटलं. जाताना त्यांनी सगळ्यांना नंबर सांगितला होता. मी लिहून घेतला नव्हता.