डाव्या हाताची तार

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार. तंजावूर.

आधी या वहीची क्षमा मागते. आषाढापासून हिच्यात एक ओळ लिहिलेली नाही. डॉक्टरांनी हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन सांगितले, तेव्हापासून जे लिहायला हवे ते टाळत होते. आज तेच लिहिते.

मी सुप्रभा, कै. बाळकृष्णराव यांची मुलगी, वय सेहेचाळीस, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. ऑपरेशनसाठी वेल्लोरला जाण्यापूर्वी, डोके ठिकाणावर असताना, कुणी सांगितले म्हणून नव्हे तर मला हवे म्हणून हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वी कधी केलेले नाही. वकील याचे तमिळ करून घेणार आहेत. पण माझ्या मनातले आधी मराठीत येते, म्हणून मूळ हेच समजावे.

एक. वडिलांच्या लॉजच्या इमारतीतला माझा हिस्सा, म्हणजे वरची खोली आणि गच्ची, भाऊ गोपालकृष्ण यास. लॉज तोच चालवतो. माझी पुस्तके खोलीतून हलवण्याआधी ती हवीत का, हे कॉलेजला विचारावे.

दोन. बँकेत उरेल ते भाऊची मुलगी अखिला हिच्या शिक्षणासाठी. तिने इंजिनिअरच व्हावे अशी अट नाही. अशी अट घालावीशी वाटली होती, हे मात्र खरे.

तीन. पितळेचा कापी फिल्टर, कॉफी गाळायचा, नागलक्ष्मी वहिनींना. लग्न होऊन आल्यापासून त्या म्हणत आल्या की माझ्या कापीत दम नसतो, दोष फिल्टरचा असेल. आता त्यांनीच पाहावे. हे वाक्य खोडावे का, असा विचार केला. त्यात राग आहे की माया, मलाच सांगता येत नाही. राहू दे.

चार. लॉजच्या पुढल्या खोलीतले पिनबॉल मशीन.

तिरुचीच्या एका क्लबाने ते काढून टाकले, तेव्हा वडिलांनी लॉरीत गवतावर निजवून आणले. जानेवारीत तिरुवैयारुच्या उत्सवाला जाणारे वादक आमच्याकडे उतरत. वीणा, तंबोरे भिंतीला टेकवून ते मशीनपुढे रांग लावत. चेंडू परत वर मारणाऱ्या दोन फळ्यांना आमच्या घरात ‘हात’ म्हणत, डावा हात, उजवा हात. मृदंग वाजवणारे शेषगिरी काका दोन्ही बटणांवर बोटांनी ताल धरीत आणि डावा हात ढिला पडला की वडिलांना सांगत, “रावजी, डाव्याला नाद नाही. थोडा रवा लावा.” मृदंगाच्या डाव्या तोंडाला रव्याचा लेप लावतात, त्यावरून. वडील खरोखरच आत जाऊन रव्याची वाटी घेऊन येत आणि काचेवर ठेवत. घंटा, हसणे, कापीचा वास. माझे बालपण आठवायचे म्हटले की मला ती खोली आठवते.

गेल्या उन्हाळ्यापासून डावा हात पुन्हा मेला आहे. चेंडू अर्ध्यात जातो आणि परततो. भाऊला त्या जागी एसटीडी बूथ हवे आहे.

“लोक इथं दुबईला फोन करायला येतील मा, चेंडू ढकलायला नाही,” तो तमिळ वळणाने म्हणाला. “शुक्रवारी बूथवाले येतायत. नीट चालत असलं तर ठेवतो. नाहीतर भंगारवाला नेईल.”

त्याचे चूक नाही. पण शुक्रवारी भंगारात जाणारी वस्तू मी कुणाला कशी देऊ? म्हणून दुरुस्तीचा क्रम इथेच लिहिते.

प्लग आधी काढावा. खेळाचा पाट उभा करून हाताच्या कॉइलमधला लोखंडी दांडा अडखळतो का पाहावे. तेल घालू नये, तेलाला धूळ चिकटते. मग पॉइंट, म्हणजे वीज जोडणाऱ्या दोन पात्या. हात पुरता वर जाईपर्यंत ते घट्ट मिटलेले हवेत आणि वर गेला की उघडले पाहिजेत. स्कूटरच्या पॉइंटसारखे तेही काळे पडतात, बारीक कानशीने हलके घासावे. शेवटी मागच्या पेटीतली पट्टी, जिथे दोन्ही हातांच्या तारा स्क्रूने कसलेल्या आहेत. तिथे गंज चढला की हाताला पुरती वीज पोचत नाही. वडिलांनी साऱ्या तारा एकाच रंगाच्या घातल्या, म्हणून त्यांना चिठ्ठ्या बांधल्या आहेत.

इथवर लिहून अखिलाला वाचून दाखवले.

“हे सगळं आधीच केलंय आत्या. पट्टीवरचा डावा स्क्रूसुद्धा घासला. लखलखतोय.”

“डावा कुठला?”

“‘उ’ लिहिलंय तो.”

“उ म्हणजे उजवा.”

“उ म्हणजे उल्टा. उल्टा हाथ. हिंदीत डाव्याला तसंच म्हणतात ना?”

“आणि दुसऱ्यावर?”

“‘डा’. आजोबांना ‘दा’ लिहायचं असणार, दाहिना. मला वाटलं, त्यांचं अक्षर चुकलं.”

मला इतके हसू आले की छातीवर हात ठेवून बसावे लागले. हिंदीच्या परीक्षा देऊन देवनागरी शिकलेल्या मुलीने आजोबांना शुद्धलेखनात नापास केले होते. तिला मराठी बोललेले कळते, पण वाचायला आम्ही कुणी शिकवले नाही. तेव्हा चूक कुणाची, हे मृत्युपत्रात ठरवण्याची गोष्ट नव्हे.

ती खाली गेली. मीही गेले, पण खुर्चीवर बसून राहिले. ‘डा’चा स्क्रू हिरवा पडला होता. तिने तो घासला, तार कसली, प्लग लावला. डाव्या हाताने चेंडू पार वरच्या घंटेपर्यंत नेला. आवाज ऐकून भाऊ टेबल सोडून आला.

“सुम्मा बघतो, उगाच,” म्हणत तो मशीनपुढे उभा राहिला आणि हटेना.

आतून वहिनी म्हणाल्या, “खेळा, खेळा. पाहुण्यांना चाव्या मी देते.”

बऱ्याच वेळाने भाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाला, “जिन्याखाली बूथ मावेल का ग? बाहेर बोर्ड लावला की शोधत येतील लोक.”

तेव्हा चौथे कलम असे: मशीन अखिलास. वडिलांच्या चिठ्ठ्या काढू नयेत. त्यांच्याशेजारी तिने आपल्या चिठ्ठ्या बांधाव्यात, हव्या त्या लिपीत.

या सगळ्याची अंमलबजावणी भाऊने करावी. वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना तमिळमध्ये समजावून सांगितला, आणि आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या. शेषगिरी काका पेन हातात घेऊन म्हणाले, “माझ्याआधी मृत्युपत्र? रांग मोडू नको.”

सही: सुप्रभा

साक्षीदार: शेषगिरी, मृदंगवादक, तंजावूर
साक्षीदार: विशालाक्षी, सहअध्यापिका, तंजावूर

ठिकाण तंजावूर, तारीख वर लिहिलेलीच.

उद्या: टेप घेऊन जिन्याखालची जागा मोजणे.