भाजलेला कलश

कोपनहेगन,
९ सप्टेंबर १९८४

ती. बाबांस,
सिसेलचा शि. सा. न. वि. वि.

बोटीतून उतरले ती बॅगेसकट थेट कुंभारशाळेच्या वर्कशॉपवर गेले. खिडकीजवळचं चाक पहिल्या दिवशी धरलं नाही तर वर्षभर कोपऱ्यात बसावं लागतं. मिळालं एकदाचं. आता हे शेवटचं वर्ष. आमच्या शिक्षिका लुंबीबाईंनी उन्हाळ्यातली माझी भांडी एकेक उचलून पाहिली आणि म्हणाल्या, सगळं नीटनेटकं आहे, पण कुणासाठी केलंय ते काही कळत नाही. मी मान डोलावली आणि नंतर संडासात जाऊन रडून घेतलं.

इथे आता कोरडा झाडू मारायला बंदी आहे. मातीची धूळ छातीत बसते म्हणून ओल्या फडक्यानंच पुसायचं. मला तुम्ही आठवलात. कारखाना झाडून पांढरेफटक होऊन घरी यायचात आणि मी तुम्हाला बर्फाचा माणूस म्हणायचे. खोकला डॉक्टरांना दाखवलात का? "जाईन गं" हे उत्तर या वेळी चालणार नाही. आग्नेता आत्याला नमस्कार सांगा.

तुमची,
सिसेल

हास्ले,
२४ सप्टेंबर १९८४

चि. सिसेल हिस अ. उ. आ.

डॉक्टरकडे जाऊन आलो. तुझी आत्या कोट घालून दारातच उभी राहिली, मग काय करणार? छातीचा फोटो काढला. आत धुळीचा पार दगड झालाय म्हणे. किती दिवस, असं विचारलं, तर तो पोरगेला डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाला की वसंत बघाल, उन्हाळ्याचं सांगता येत नाही. हे तुला लिहावं की नाही यावरून आत्याचं आणि माझं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, फुटलेलं भांडं लपवलेलं तिला लहानपणापासून खपत नाही.

तर एक काम सांगतो. माझा अस्थिकलश तू कर. तुझ्या आईचा मी केला होता, माझा तुझ्या हातचा होऊ दे. दुकानातल्या त्या गुळगुळीत डब्यात मला जायचं नाही. कारखान्यामागच्या खाणीतली माती खोक्यात भरून पाठवतोय. खडे पुष्कळ आहेत, चाळून घे. नक्षीबिक्षी नको. आणि पुरण्याआधी, म्हणजे माझ्या देखत, एकदा हातात घेऊन बघू दे. तीस वर्षं भट्टीवर काढली, शेवटचं बिऱ्हाड कसं आहे ते तपासायचा हक्क आहे मला.

हेरिंग मासे यंदा छान लठ्ठ आलेत. जेवत जा, नुसत्या कॉफीवर राहू नकोस.

तुझा बाबा

कोपनहेगन,
२० जानेवारी १९८५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नाताळात तुम्ही तीनदा कलशाचा विषय काढलात आणि तिन्ही वेळा मी भांडी घासायला उठले. माफ करा. घासलेलीच भांडी परत घासत होते हे आत्यानं ओळखलं होतं. तोंडानं बोलणं मला जमतच नव्हतं.

पण बाबा, कलश झाला! पहिले चार वाळताना तळाशी तडकले. चाकावर तळ दाबायला मी कमी पडत होते. पाचवा मनासारखा उतरला. तुमची माती एकटी कडक आचेला टिकत नाही, मऊ होऊन खाली बसते, म्हणून तिच्यात निम्मी इथली मिसळली आणि बाराशे ऐंशी अंशांपर्यंत नेली. झिलई अगदी आपल्या बंदरावरच्या ढगाळ पाण्यासारखी राखी आली आहे. टिचकी मारली की घंटेसारखा वाजतो. लुंबीबाईंनी तो उचलला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही. मग म्हणाल्या, आता कळलं कुणासाठी केलंय. मे महिन्यातल्या परीक्षेत हेच माझं मुख्य काम धरणार आहेत. त्याआधी लागला तर लागला, परीक्षेला मी दुसरं काहीतरी मांडीन.

मी पहिल्यांदाच स्वतःवर खूश आहे, आणि अशा कामावर खूश असल्याची लाजही वाटते. ईस्टरला घेऊन येते.

तुमची,
सिसेल

हास्ले,
२ फेब्रुवारी १९८५

चि. सिसेल हिस अ. उ. आ.

पत्र पोचलं. शाबास पोरी. बाराशे ऐंशी म्हणजे चेष्टा नाही. आमच्या खाणीची माती निम्मी का होईना तिथवर पोचेल, असं कुणी म्हणालं असतं तर मी पैज लावून हरलो असतो. आत्याला वाचून दाखवलं. ती रडली, पण तिला रडायला कांदासुद्धा लागत नाही.

परीक्षा त्याच भांड्यावर दे. इकडे आणायची घाई करू नकोस, बोटीत धक्के फार बसतात. ईस्टरपर्यंत मी काही कुठे जात नाही. हात थरथरतो म्हणून अक्षर असं आलंय, पूर्वी फार सुंदर होतं असं नाही.

तुझा बाबा

हास्ले,
३ फेब्रुवारी १९८५

चि. सिसेल हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

वेर्नरचं पत्र कालच मी टपालात टाकलं. हे त्याच्या नकळत लिहिते आहे. त्यानं मला शपथ घातली होती, ती मोडते.

तुझं पत्र वाचल्यावर त्यानं ते घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाला, पोरीनं भाजला गं तो. सिसेल, आपल्या चर्चच्या आवारात पुरलेला कलश दहा वर्षांत मातीत विरून जावा लागतो. भाजलेला घेत नाहीत. तुझ्या आईचा त्यानं कच्चाच ठेवला होता, नुसता वाळवलेला. तू तेव्हा चार वर्षांची होतीस, तुला कुठून ठाऊक असणार! मी त्याला फैलावर घेतलं की अरे, सांगायचं होतंस. तर म्हणतो, भट्टीवाल्याच्या मुलीला हे काय सांगायचं? मी पाद्रीसाहेबांना फोन करून पाहिला. ते फार गोड बोलले आणि नाही म्हणाले.

त्याला तुझी परीक्षा बिघडवायची नाही, म्हणून गप्प बसलाय. पण आता तो जिना चढत नाही, खुर्चीतच झोपतो. ईस्टरचं मला काही खरं वाटत नाही. तू लगेच ये.

तुझी,
आग्नेता आत्या

कोपनहेगन,
१७ फेब्रुवारी १९८५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्याला रागावू नका, तिनं मला सगळं कळवलं. पैज म्हणे! तुम्हाला थाप मारता येते हे मला या वयात कळलं.

उरलेली माती चाळून मुरायला ठेवली होती, काल नवा केला. ती जेमतेम पुरेशी झाली, दुसरं काही मिसळलेलं नाही. हा भट्टीत जाणार नाही. पण वाळायला तर हवा ना, बाबा. कच्चा टिकावा म्हणून भिंत जाड ठेवली आहे, तीन आठवडे तरी लागतील. गालाला लावला की गार लागतो, म्हणजे आत पाणी आहे. हीटरजवळ नेला तर तडकेल, हे तुम्हीच शिकवलंत. आत्या म्हणते लगेच निघ. पण मी निघाले तर त्याला ओलं फडकं गुंडाळायला, वेळच्या वेळी उलटा करायला इथे कुणावर माझा भरवसा नाही, आणि माती आता उरलेली नाही.

मी काय मागते आहे ते मला समजतं. तरी मागते. नऊ मार्चच्या बोटीनं तो मांडीवर घेऊन येते. तुम्ही हातात घेऊन बघा. तोवर थांबा.

तुमची,
सिसेल

हास्ले,
२८ फेब्रुवारी १९८५

चि. सिसेल हिस अ. आ.

काल फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. वेर्नर काल सकाळी गेला. मी कॉफी गाळत होते.

तुझं पत्र त्यानं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. म्हणाला, बरोबर आहे, जाड भिंतीला तीन आठवडे लागतातच. पण मग रोज विचारायचा, आली का? मी म्हणायचे, अरे, कलश वाळतोय अजून. तर भडकायचा. कलशाला काय जाळायचंय, म्हणायचा, मी पोरीचं विचारतोय. हे तुला लिहू नये असं मनात आलं होतं. पण या घरात लपवालपवी फार झाली.

अस्थी सोळा मार्चला पुरायच्या ठरल्या आहेत. ये.

तुझी,
आत्या

कोपनहेगन,
९ जून १९८५

ती. आत्यास,
सिसेलचा सा. न. वि. वि.

तीन पत्रं पाठवलीस आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. तू मला वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहितेस. तुझ्या जागी मी असते तर असं लिहिलं नसतं.

तो कच्चा कलश एकही तडा न जाता वाळला, तू पाहिलासच. सगळे म्हणाले, किती सुंदर. खरं सांगू? मला तो तडकायला हवा होता. मग निदान मातीला दोष देता आला असता.

परीक्षा झाली. भाजलेल्या कलशाला पहिला नंबर मिळाला. परीक्षक तिघं होते. त्यांनी टिचकी मारून आवाज ऐकला, बोट फिरवून पाहिलं. एकजण म्हणाले, हा जमिनीत हजार वर्षं पडला तरी याला काही होणार नाही. ते कौतुक होतं. मी आभार मानले. लुंबीबाई माझ्याकडे बघत होत्या, त्यांनी तो शाळेच्या कपाटात ठेवू का विचारलं. मी ठेवा म्हटलं. मला तो नको.

मार्चपासून मी चाकावर बसलेले नाही. बसून पाहिलं, माती मध्यावर येतच नाही. एका बेकरीत काउंटरवर लागले आहे. यातून बाहेर येशील असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही आणि मी तसं वाटून घेणारही नाही.

सतरा फेब्रुवारीपासून दहा दिवस मी त्या मडक्याला फडकी गुंडाळत, गालाला लावत बसले होते. आत्या, ते दहाही दिवस रोज बोट सुटत होती.

जमलं तर मला पत्र लिहीत जा, नाही जमलं तरी समजेन.

तुझी,
सिसेल